वरच्या काठाची चार बोटं

पुंजाराम रफूगर गेला, आणि तेराव्याच्या पंगतीतसुद्धा भोकरदनात पडद्याचाच विषय निघाला. बालाजीच्या मूर्तीमागचा जुना रेशमी पडदा त्यानं दुरुस्त करून दिला, तो चार बोटं आखूड भरला होता. तेवढं रेशीम म्हाताऱ्यानं लांबवलं, असं देवळाचे पंच म्हणत. त्यानं कधी खुलासा केला नाही. त्याच्या मुलीनं, गोजरबाईनं केला. पण बापासाठी लेकीची साक्ष कोण धरतो?

म्हणून जुन्या कापडांची पाहणी करायला हैदराबादहून कादरीसाहेब आले, तेव्हा ती देवळाच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. साहेबांनी उन्हाकडे तोंड करून पितळी खुर्दबीन, बारीक धागाही मोठा दाखवणारी भिंगाची नळी, मांडली होती. शेजारी पंचांपैकी मिश्रीलालजी बसले होते.

"तू कशाला आलीस, बाई?"

"बापाचं काम बघायला, सेठजी."

"चार बोटं कमी हाये ते काम?"

"चार बोटं पडद्यातच हाईत. वरचा काठ दांडीवर दुमडला जातो, कुणाला दिसत न्हाई. तिथलेच धागे काढून बाबांनी भोकं भरली. बाजारचं रेशीम ते लावत नसत."

"मंग जिता असताना बोलला का न्हाई?"

"बोलले असते तर रफू कुठं हाये ते दाखवावं लागलं असतं. आमच्या रफूगरांत ते नामुष्कीचं. दिसला तो रफू कसला?"

साहेब हसले. "बैठो, बाई. फक्त माझ्या उन्हात नको."

त्यांनी तीन धागे काचेवर ठेवले: एक काठाचा, एक रफूचा, एक आजच्या बाजारातला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बाजारचा एकसारखा, गुळगुळीत. हे दोघं कुठं जाड, कुठं बारीक. पीळ तोच, रंगही तसाच मुरलेला. एकाच कपड्याचे हाईत, बिलकुल. बघा, सेठ."

मिश्रीलालजी वाकले.

"काय दिसतं?"

"माझ्याच पापण्या."

"दुसरा डोळा मिटा."

ते पुन्हा वाकले आणि मग बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांनी आधी पगडी सारखी केली.

"पंचांना मी आजच सांगतो," ते म्हणाले. "चुकलं आमचं, गोजरबाई."

तिनं मान हलवली. मग तिनंही भिंगाला डोळा लावला. वडिलांनी भरलेला धागा दोरखंडाएवढा दिसत होता, शांत पडलेला. काच ओली होऊ नये म्हणून ती लगेच बाजूला झाली.

साहेबांनी कागद पुढं ओढला. "नोंद करायची हाय. मला पाच जागा सापडल्या. आणखी हाईत?"

गोजरबाईची नजर पडद्यावरच्या मोराच्या मानेवर गेली. तिथं अकरा दिवस चौकट धरून ती वडिलांसमोर बसली होती. साहेबांचा हात त्या मानेवरून दोनदा फिरून गेला होता.

"न्हाई, साहेब," ती म्हणाली. "बराबर मोजल्या तुम्ही."