डब्लिनमध्ये भाजलेले बोंबील

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. आज तुम्हाला पाचूबंदरच्या धोंडूबाईंची गोष्ट सांगते.

धोंडूबाईंच्या माडीवर मेमचा भाड्याने राहायची. पोर इम्फाळची, वसईतल्या एका दवाखान्यात नर्स. एका रविवारी तिने गावाकडची आंबवलेली मासळी शिजवली, आणि धोंडूबाई जिन्यातूनच ओरडल्या, "ए! कसला घानेरडा वास हा? मानसं राहतात इथं! उद्याच्या उद्या खोली खाली कर!"

मेमचाने पातेल्यावर झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी निघून गेली.

पुढच्याच महिन्यात धोंडूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी आयर्लंडमधल्या डब्लिनला गेल्या. पहिल्या सकाळी खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "रीमा, मानसं गेली कुठं गो? ना कुकरची शिट्टी, ना भांडन. घरांना वास पन नाय!"

"आई, दारं बंद असतात इथं."

दुपारी लेकीच्या तोंडाला चव यावी म्हणून त्यांनी पिशवीतले सुके बोंबील काढले आणि घरच्यासारखे थेट शेगडीवर भाजले. धूर कोंडला, छताला लावलेली धुराची सूचना देणारी घंटा किंचाळू लागली. अख्खी इमारत जिना उतरून थंडीत उभी! घाबरलेल्या धोंडूबाई हातात बोंबील घेऊनच खाली आल्या. शेजारची एक म्हातारी सरळ त्यांच्याकडे आली आणि तिने वास घेतला. धोंडूबाईंनी मान खाली घातली. संपलं! आता लेकीला घर सोडावं लागणार!

म्हातारीने गळ्यातली लोकरी शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली.

रीमाने तिचं बोलणं समजावलं, "आई, ती विचारते, ही मासळी कशी करतात? तिचे वडील दर्यावर जायचे."

धोंडूबाईंना रडू फुटलं.

"अगं, कोणी रागावलं नाही तुला!"

"म्हनून तर रडते गो!" आणि त्यांनी मेमचाची हकिकत लेकीला पहिल्यांदा सांगितली.

रीमा म्हणाली, "मासळीची पाटी घेऊन विकायला टॉवरमध्ये जायचीस तेव्हा लिफ्टमधले लोक नाक धरायचे. त्या दिवशी घरी येऊन जेवायची नाहीस तू. आणि तूच असं केलंस?"

"बोल, आनखी बोल."

"मी काय बोलू? मीही इथं भाडेकरूच आहे. मेमचाशी बोल."

धोंडूबाईंनी मेमचाला फोन लावला. "पोरी, चुकले मी. खोली तुझीच हाय. परत ये."

"नको मावशी, दुसरी जागा मिळाली. आता मी खिडक्या लावूनच स्वयंपाक करते." मग तिनेच विचारलं, "रीमाताईंना बाळ झालं का?"

अरेरे! धोंडूबाईंनी फोन लेकीच्या हातात दिला.

बंधुभगिनींनो, देवाला आपण पाच पक्वान्नांचा नैवेद्य दाखवतो, पण परमुलखातून आलेल्या लेकराच्या ताटाला नाक मुरडतो. तो देव कसा जेवेल? हल्ली धोंडूबाई नव्या भाडेकरूला किल्ली देताना एवढंच सांगतात, "खिडकी उघडी ठेव हां."

आता घरी जाल, पानावर बसाल. पहिला घास घेण्याआधी, कुठेतरी खिडक्या बंद करून मासळी शिजवणाऱ्या त्या मेमचाची आठवण काढा.