डावीकडे ओढणारी गाडी

खरकटेवाल्याच्या मोटरसायकलवर बसण्याआधी रुमालरावांनी सीटवर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर रुमाल टाकला आणि मग नाइलाजाने टेकले. एवढं करूनही घरी गेल्यावर ही पँट जाळून टाकावी, असंच त्यांच्या मनात आलं.

गल्लीने त्यांना हे नाव उगाच दिलं नव्हतं. घड्याळदुरुस्तीचा धंदा, डोळ्याला भिंग, शर्ट परीटघडीचा आणि खिशात दोन रुमाल. एक घाम पुसायला, दुसरा नाकाला लावायला. गिऱ्हाइकाने मनगटावरून उतरवलेलं घड्याळ ते आधी स्पिरिटने पुसत आणि मगच हातात घेत. चुकून कोणी खांद्यावर हात ठेवला, की ती जागा हळूच झटकत. समोरच्याला ते दिसतं, हे त्यांच्या गावीही नसे.

अशा माणसाच्या वाट्याला ही गाडी यावी. खालच्या मजल्यावरचा खरकटेवाला पहाटे निघून हॉटेलांच्या मागच्या दारांवरचं उष्टं गोळा करी आणि गावाबाहेर डुकरं पाळणाऱ्याला नेऊन देई. त्यासाठी त्याने गाडीच्या उजव्या अंगाला पत्र्याचं पिंप वेल्डिंग करून कायमचं बसवलं होतं. अकरा वाजता पिंप रिकामं होई, पण रिकामं म्हणायचं एवढंच. बुडाशी चार बोटं आंबलेला गाळ, काठाला वाळलेल्या तेलाची पुटं. खाली सायलेन्सर तापला, की तो गाळ मंद आचेवर शिजायला लागे. खरकटेवाल्याचं नाक केव्हाच मेलेलं होतं, त्याला त्याचं काहीच नव्हतं.

दुसरी गाडी कोणी देईना आणि गाडीवाचून गत्यंतर नव्हतं. बायकोच्या टाचेला तीन महिन्यांपूर्वी जखम झाली होती. अंगात साखर, त्यामुळे ती भरता भरत नव्हती. दिवसाआड ड्रेसिंग झालंच पाहिजे, चुकलं तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. घरी येऊन पट्टी बदलणाऱ्या नर्सबाईंची बदली झाली होती, शनिवारपासून त्या येणार नव्हत्या. डॉक्टरांना दाखवायला रिक्षावाल्याने दोनदा नेलं होतं आणि तिसऱ्यांदा जखमेच्या वासाचं कारण सांगून हात जोडले.

नर्सबाई रुमालरावांना म्हणाल्या होत्या, की तुम्हीच शिकून घ्या, त्यात काही अवघड नाही. त्यांनी एकदा करूनही पाहिलं. शेवटची पट्टी सुटली, वास नाकात शिरला आणि ते धावत बेसिनपाशी जाऊन भडाभडा ओकले. पलंगावर बायको ऐकत होती. तोंड धुऊन आल्यावर त्यांनी जाहीर केलं, की आपण मोटरसायकल शिकणार आणि तिला दवाखान्यात नेणार. लायसन्स तरुणपणी काढलेलं होतं, कधी वापरलं नव्हतं इतकंच. जखम धुण्यापेक्षा त्यांना पन्नाशीत मोटरसायकल सोपी वाटली. खरकटेवाला म्हणाला होता, मीच सोडत जाईन वहिनींना. पण बायकोला त्याच्या घामट पाठीला टेकून बसवायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं.

समोरच्या बंद गोदामाच्या पटांगणात शिकवणी सुरू झाली. पहिले दोन दिवस गाडी उड्या मारून बंद पडण्यात गेले. तिसऱ्या दिवशी क्लच जमला, गिअर जमले, ब्रेकही जमला. एक गोष्ट मात्र काही केल्या जमेना. गाडी सरळ जाईना. दहा पावलं गेली, की डावीकडे ओढायची आणि शेवटी गोदामाच्या भिंतीला जाऊन भिडायची. रुमालरावांचं कोपर सोललं, पँट फाटली. खरकटेवाला मागून धावून धावून घायकुतीला आला.

त्याने हँडल तपासलं, चाकं तपासली, शेवटी गाडी मेकॅनिककडे नेली. मेकॅनिकने दोन फेऱ्या मारल्या, गाडी बाणासारखी सरळ गेली. गाडीत दोष नाही, चालवणाऱ्यात आहे, असं सांगून त्याने फडक्याला हात पुसले आणि ते फडकं रुमालरावांच्या दिशेने पुढे केलं. रुमालरावांनी ते घेतलं नाही.

गोष्ट साधी होती. पिंप उजवीकडे, म्हणून रुमालरावांचं नाक डावीकडे. नाकामागून नजर डावीकडे आणि नजर जाईल तिकडे गाडी. हेल्मेटच्या आत काय वळलंय, हे मागून धावणाऱ्याला कुठून दिसणार? रुमालरावांना स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. नाक वळवणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं.

शुक्रवारपर्यंत गाडी डावीकडेच ओढत राहिली. शनिवार उजाडला आणि ड्रेसिंग काही थांबणार नव्हतं.

साडेअकरा वाजता खरकटेवाल्याने वहिनींना हाताला धरून जिना उतरवला आणि गाडीवर बसवलं. दोन्ही पाय डावीकडे सोडून ती बसली. पट्टी बांधलेली टाच रुमालरावांच्या डाव्या पायाशी आली. पट्टी दोन दिवसांची होती, तिच्यावर पिवळसर डाग फुटला होता. रुमालरावांनी गाडी सुरू केली. उजवीकडून पिंपाची वाफ आली, त्यांनी नाक डावीकडे नेलं. डावीकडून टाचेचा वास आला, त्यांनी ते उजवीकडे नेलं. शेवटी जायला जागाच न उरल्यामुळे मान आपोआप मधोमध थांबली.

गाडी सरळ निघाली. गोदाम गेलं, गल्ली गेली, मोठा रस्ता आला, तरी गाडी सरळच. मागे खरकटेवाला टाळ्या वाजवत उभा होता. रुमालरावांना दोन्ही वास विसरून क्षणभर मोठा अभिमान वाटला.

"बघ, जमलं की नाही," ते म्हणाले.

"जमेल नाहीतर काय. आज नाक फिरवायला बाजूच कुठे राहिली?" बायको मागून म्हणाली. "गाडी डावीकडे का जाते, ते मला खिडकीतून पहिल्या दिवशीच कळलं होतं. तीन महिने पलंगावरून तेच बघतेय."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर रुमालरावांना उलटून बोलता तरी आलं असतं. त्यांना स्वतःचीच शिसारी आली आणि ती झटकायला कुठे हात न्यावा, ते कळेना.

सिग्नलला गाडी थांबली. त्यांची नजर उजव्या आरशात गेली. तोल सांभाळण्यासाठी बायकोने हात मागे नेऊन पिंपाचा काठ धरला होता. तेलाच्या पुटांत तिची बोटं माखली होती.

"अगं, ते काय धरलंयस? खांदा धर माझा."

"राहू दे," ती म्हणाली. "तुमचा शर्ट परीटघडीचा आहे."