उजवा कोपरा

थीम म्हणजे काय भानगड असते ते मला माहीत नव्हतं. भाचीनंच सांगितलं, "मामा, तुमच्याकडे फोटोला फ्रेम असते ना, तशी माझ्या ब्लॉगला थीम." मग म्हटलं, हे तर आपलंच खातं. फ्रेमा ठोकण्यात हयात गेली माझी. खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यातली रस्त्याकडची भाचीला दिलेली.

ती नवऱ्याला सोडून आली होती. सोडून म्हणजे पळून. मनगट प्लास्टरमध्ये आणि गळ्यात कॅमेरा, बाकी अंगावरच्या कपड्यांनिशी. लग्न दोघांनी परस्पर उरकलेलं, त्यामुळे जावयाचं तोंड आम्ही कधी पाहिलं नव्हतं. आणि तिनं त्याचा एक फोटो शिल्लक ठेवलेला नव्हता. तिचं मागणं एवढंच, की मी इथं आहे हे त्याला कळता कामा नये.

बाहेर फारशी पडायची नाही. आपल्या खिडकीतून समोरच्या खिडक्यांचे फोटो काढायची. कुणाचा पडदा, कुणाची कुंडी, काचेला गाल लावून बसलेलं मांजर. नाव न लावता ब्लॉगवर टाकायची. लोकांना आवडायला लागलं. अंथरुणाला खिळलेल्या एका बाईनं लिहिलं, तुमचं बघून मी पण माझ्या खिडकीचे फोटो काढायला लागले, आता दिवस जातो. त्या दिवशी पोरगी पोटभर जेवली.

जुनी थीम मात्र डबडी होती. कसलाही फोटो असो, चौरस कापून दाखवायची. म्हणून एका दुपारी आम्ही तिघं नवीन निवडायला बसलो. पहिली निघाली काळी कुळकुळीत.

"ही नको गं," माझी बायको म्हणाली, "सुतकात बसल्यासारखं वाटतं."

दुसरीत फोटो इवलेसे आणि मजकूरच मजकूर. मी म्हटलं, "ही रद्दीवाल्याला दे."

तिसरी उघडली आणि आम्ही तिघंही पुढे झुकलो. पांढरी स्वच्छ, आणि फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत. मांजर तर असं दिसत होतं की हात लावावा.

"मामा?"

"फोटो श्वास घेतोय बघ. हीच घे."

तिनं बटण दाबलं. काम झालं.

दुसऱ्या दिवशी बायको फोन घेऊन खाली आली, मागून भाची. "अहो, ऐका. लगेच कौतुक आलंय." आणि वाचायला लागली, "आता कुठे पूर्ण फोटो दिसला. पण उजवा कोपरा नेहमीसारखा सुटलाय." मग फोन खाली करून म्हणाली, "कोपऱ्याचं मला कळलं नाही, पण लिहिलंय छान."

भाची भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"तोच आहे," ती म्हणाली.

"तो कोण?"

"मामी, नवरा. नाव नसलं तरी माझे फोटो तो ओळखतो. चादर घातली की त्याचं हेच. भांडी लावली की हेच. कोपरा सुटलाय. आणि मग..." नुसतं मनगट धरून बसली.

मग आम्ही सगळे फोटो उघडून बघितले. जुनी थीम फोटो कापत नव्हतीच मुळी, नुसत्या कडा झाकत होती. पोरीला वाटलं, दिसत नाही म्हणजे नाहीच. आता सगळं उघडं पडलं होतं. उजव्या कोपऱ्यात समोरच्या लॉन्ड्रीची पाटी. नाव, रस्ता, फोन नंबर, सगळं लख्ख.

ब्लॉग तिनं तिथल्या तिथं बंद केला. पण बघितलेलं थोडंच पुसता येतं?

तेव्हापासून माझी झोप उडाली. दुकानात येईल त्याच्याकडे मी चोराकडे बघावं तसा बघायचो. वैरी ओळखीचा असला तर माणूस दार लावून घेईल. हा कसा दिसतो तेच माहीत नाही, तर दार कुणाला लावायचं? एक गृहस्थ आरसा बसवून घ्यायला आले, मी त्यांच्या हातांकडेच बघत बसलो. पोस्टमनला तर सरळ विचारलं, लग्न झालंय का तुझं. तो म्हणाला, "का, मुलगी आहे का?"

आणि मग एका सकाळी तो आला. नीटनेटका, मऊ बोलणारा. काखेत कागदाची गुंडाळी. त्यानं ती माझ्या टेबलावर उलगडली. मांजराचा फोटो. अख्खा, पाटीसकट.

"काका, ह्याला फ्रेम करायचीय. कोपरे झाकायचे नाहीत बरं का."

वर भाचीची पावलं वाजली. त्यानं छताकडे बघितलं.

"वर कोण राहतं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण काही सुचेल तर शपथ. "उंदीर," मी म्हटलं.

"मोठा दिसतोय," तो म्हणाला आणि हसला. हसताना टेबलावरच्या फ्रेमा तो एका ओळीत लावत होता, कोपऱ्याला कोपरा.

पावलं जिन्यावर आली. मी मनात म्हणत होतो, मागच्या दारानं जा पोरी, मागच्या. ती दुकानात आली. तोंड पांढरंफटक. त्याच्याकडे न बघता आमच्या दोघांमधून गेली, ती थेट रस्त्याच्या मध्ये.

"दादा," तिनं लॉन्ड्रीवाल्याला हाक मारली. आवाज कापत होता, पण चढत गेला. "हा आत उभा आहे ना, तो माझा नवरा. ह्यानं माझा हात मोडला. चेहरा नीट बघून ठेवा."

लॉन्ड्रीवाला इस्त्री हातात घेऊनच दारात आला. समोर वरच्या खिडकीत पडदा सरकला. कुंडीवाली वाकून बघायला लागली. ज्या खिडक्या पोरीनं चोरून टिपल्या, त्या सगळ्या आता आमच्या दुकानाकडे बघत होत्या.

त्यानं शर्टाची बाही सारखी केली, मला म्हणाला, "येतो काका," आणि गर्दीतून शांतपणे निघून गेला. घाईसुद्धा नाही. त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली.

भाचीनं ब्लॉग परत चालू केला, थीम रुंदच ठेवली. म्हणाली, आता लपवायचं काय राहिलंय. फोटो मात्र अजून कधी कधी हलतो.

तो फोटो माझ्या टेबलावरच राहिलाय. विसरला, की न्यायला परत येणार म्हणून ठेवला, देव जाणे. लॉन्ड्रीवाला हल्ली टेबल दारात ओढून इस्त्री करतो, रस्त्याकडे तोंड करून.