घटातला करपा

भातावर करपा नावाचा रोग पडतो. बुरशीचा. तिची भावंडं गव्हावर पडतात, नाचणीवर पडतात आणि अमेरिकन माणसाच्या लाडक्या लॉनवरही पडतात. अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या कडेला एका छोट्या खाजगी लॅबमध्ये मी सतरा वर्षं भाताची रोपं वाढवतो, त्यांच्यावर ही बुरशी फवारतो आणि कोण मेलं ते लिहून ठेवतो. लॅबचा मुख्य नियम एकच: आत आलेलं बी बाहेर जात नाही. गेलंच तर ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे प्रेशर कुकरच्या थोरल्या भावातून, शिजून जातं. नव्या लोकांना हा नियम मीच शिकवतो. स्लाइड्सही माझ्याच.

गेल्या नवरात्रात आमच्या घटात काही उगवलं नाही. इंडियन स्टोअरमधले गहू नऊ दिवस मातीत नुसते झोपून राहिले. दसऱ्याला इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्ष शुभाकाकू चक्क माइकवरून म्हणाल्या, "आमचे देवदत्तराव बेहेरे पीएच.डी. भातात, आणि घट टकला!" सगळे हसले. माझी बायको शैला सगळ्यांपेक्षा थोडा जास्त वेळ हसली.

म्हणून यंदा घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी मी लॅबमधल्या एका पाकिटातून चाळीस ग्रॅम भात काढून जेवणाच्या डब्यात भरला. पाकिटावर पिवळा ठिपका होता. पिवळा ठिपका म्हणजे हे बी रोगट आहे की नाही ते अजून तपासायचंय. ठिपका मला दिसला होता. पुढचे बरेच दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की दिसला नव्हता.

घट असा तरारला की शैलाने त्याचे फोटो पुण्याला पाठवले. दसऱ्याचा कार्यक्रम शनिवारी शाळेच्या कॅफेटेरियात होता. तिथे आम्हाला धरून एकतीस कुटुंबांत आमच्या घटाचा एकेक तुरा वाटला. कुणी टोपीत खोचला, कुणी मुलांच्या कानामागे लावला. "इट्स इची, मॉम!" शेजारची आन्या ओरडली. शुभाकाकू माइकवर म्हणाल्या, "याला म्हणतात सायन्स!" मी हात जोडले.

सोमवारी हिमानीने पाकिटांची वजनं केली. हिमानी नागपूरची, लॅबमधलं सगळं बी तिच्या ताब्यात. मला लॅबमध्ये 'सर' म्हणते, मंडळात 'काका', आणि यात कधी गडबड करत नाही. एका पाकिटात चाळीस ग्रॅम कमी निघाले. आमची बॉस हॅलोरन म्हणाली, शुक्रवारपर्यंत मला उत्तर हवंय. हिमानीच्या व्हिसा एक्स्टेन्शनचे कागद बॉसच्याच टेबलावर सहीसाठी पडले होते. हॅलोरनने ते उचलून ड्रॉवरमध्ये ठेवले.

"वजनकाट्याचा एरर असेल," मी म्हणालो. वजनकाटा गेल्याच महिन्यात मी तपासून घेतला होता.

मंगळवारी आणि बुधवारी मी हिमानीला कॉफी आणून दिली. सतरा वर्षांत मी कुणालाही कॉफी आणून दिली नव्हती.

गुरुवारी ती माझ्या केबिनमध्ये आली आणि दार लावून घेतलं.

"काका," ती म्हणाली. लॅबमध्ये.

तिच्या हातात झिपलॉकची पिशवी होती, आत दसऱ्याचा तुरा. पात्यावर एक ठिपका: मध्ये राखाडी, कडेला तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळता. डोळ्यासारखा. असे ठिपके मी लाखांनी पाहिलेत. त्यातल्या एकानेही माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"मी देवापुढे पाण्यात ठेवला होता," ती म्हणाली. "शनिवारी मी लॅबमधून थेट मंडळात आले ना, माझ्याच कपड्यांवरून गेली ही बुरशी. तिकडे पाकिटात बी पण कमी. म्हणजे मीच स्लॉपी आहे. हॅलोरनला दोन्ही सांगून टाकते. यार, देवीच्या घटाला करपा लावला मी! तुमचा घट बिघडवला, काका. सॉरी."

ती रडत होती, पण पिशवी ओली होऊ नये म्हणून हात लांब धरून.

तिच्या तर्कात खोट नव्हती, फक्त गुन्हेगार चुकला होता. आणि सोय किती! दोन गुन्हे, एक गुन्हेगार, तोही स्वतःहून तयार. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि तीन दिवसांत मी त्यात तरबेज झालो होतो. पण ती मला सॉरी म्हणाली होती.

"हिमानी, बी मी नेलं."

"कुठलं बी?"

"घटातलं. ते त्या पाकिटातलं होतं."

तिने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पिवळा ठिपका दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला होता."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डोळे पुसले, रजिस्टर उघडलं आणि पेन काढलं. "किती वाजता नेलं?"

"सव्वापाचला."

तिने लिहिलं. "हॅलोरनकडे तुम्ही जाताय की मी जाऊ?"

मी गेलो. हॅलोरनने माझं कार्ड काढून घेतलं, हिमानीच्या कागदांवर माझ्याच पेनने सही केली आणि म्हणाली, एकूण एक रोप परत आण.

पुढचे दोन दिवस मी लॅबच्या रोगट कचऱ्याची लाल पिशवी घेऊन दारोदार फिरलो. तुरे फ्रिजवर होते, पोथीत होते, गाडीच्या डॅशबोर्डवर होते. शुभाकाकूंनी आपला तुरा देव्हाऱ्यातून काढून दिला. "प्रसाद परत मागणारा पहिलाच माणूस पाहिला," त्या म्हणाल्या. माइक नव्हता, तरी गल्लीभर ऐकू गेलं. आमच्या घरचा तुरा शैलाने पिशवीत टाकला. मग म्हणाली, "टकला होता तेच बरं होतं."

सोमवारी लॅबचं दार हिमानीने आतून उघडलं. कार्ड नसल्यामुळे मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

"किती?"

"तुझा धरून तीस."

"आणि एकतिसावा?"

"आन्याने उपटून फेकला. त्यांच्या लॉनवर कुठेतरी. रोज सकाळी जाऊन शोधतो."

तिने तेही लिहिलं: एक, लॉनवर. मग पिशवी घेतली, गाठ ओढून पाहिली आणि एक कागद पुढे केला. परत यायचं असेल तर नव्या लोकांचं ट्रेनिंग पुन्हा करावं लागेल, आणि ते आता ती घेते.

"बुधवारी नऊ वाजता," ती म्हणाली. "स्लाइड्स तुम्हाला माहितीच आहेत, डॉक्टर बेहेरे."