आठ हजार नंबरची रील

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदाच येतो, पण येतो तो सासऱ्याचा जीव खायलाच. जावयाला बोलवा, पाटावर बसवा, पाय धुवा, पुरणाचे धोंडे आणि मोजून तेहतीस अनारसे वाढा, आणि वर वाण द्या. कोणी अंगठी देतो, कोणी चांदीचा दिवा देतो. आमच्या जावयानं मासे धरायची रील मागितली.

ज्या घरात आजवर अंडंसुद्धा चुलीवर चढलं नाही, त्या घरात! माझी लेक वर्षाली दोन वर्षांपूर्वी हिंगणघाटच्या रजतला दिली. तो नोकरीला रत्नागिरीकडे, एका कंपनीत. तिथं त्याला समुद्राचा नाद लागला. दर शनिवारी चार मित्र मिळून बोट भाड्यानं घेतात आणि आत जाऊन गळ टाकून बसतात. फोनवर म्हणाला, "मामाजी, अंगठी-बिंगठी काई नको. एक चांगली रील आणजा. बोटीवरून समुद्रात मासे धराची, फिक्स स्पूलवाली. बाकी तुमची पसंती."

माझी पसंती! मला कापसाच्या पऱ्हाटीचं बियाणं पसंत करता येतं, फार तर बैल. समुद्र मी टीव्हीत पाहिलेला. म्हटलं, परत फोन लावून नीट विचारावं, तर आमच्या सुलोचनाबाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "अवो, वाणाचं जवायाले पुसत नसते. कमीपना येते. तुमाले समजत नसन तं दुकानदाराले पुसा."

वर्ध्याच्या बाजारात हिरालालचं दोर, ताडपत्र्या आणि जाळ्यांचं दुकान आहे. त्याला आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यानं मुंबईहून दोन रिली मागवल्या होत्या, एक लहान, एक मोठी. मी आमच्या समुद्रपूरहून एसटीनं गेलो. त्यानं दोन्ही डबे उघडून काउंटरवर ठेवले. मी लहान रील उचलली, मधल्या चकरीला अंगठा लावून फिरवून पाहिली. हलेना. मोठी घेतली. तीही हलेना.

"हिरालाल, या तं दोनी जाम हायेत."

लहानपणापासून संक्रांतीला पतंग उडवलेत आम्ही. चकरी कशी गरगर फिरली पाहिजे, हे मला कोणी शिकवू नये. हिरालाल इतका हसला की बाजूचा भांडेवाला डोकावून गेला.

"ओमप्रकाशभाऊ, हे पतंगाची चकरी नाई. याच्यात चकरी फिरतच नाई, म्हून तं फिक्स. हे बाहेरची कडी फिरते अन् तंगूस, म्हंजे गळाचा नायलॉनचा दोरा, चकरीवर गुंडाळते. मासा जोरात ओढाले लागला का हा वरचा पेच जरा ढिला कराचा, नाई तं तंगूस तुटते."

"मंग चकरी जागच्या जागीच?"

"जागच्या जागी. आता सांगा, चार हजार नंबर का आठ हजार?"

माझा चेहरा पाहून तोच पुढं बोलला. किनाऱ्यावरून लांब फेकायचं असेल तर गोष्ट वेगळी. बोटीवरून गळ सरळ खाली सोडायचा असतो. किती खोल सोडतो, केवढा मासा ओढून काढतो, त्यावर रीलचा नंबर; जितकं आत जाणं, तितकी मोठी रील. खाऱ्या पाण्यात गंजू नये म्हणून दोन्ही आतून बंद होत्या, तो प्रश्न मिटला होता. "जवाई काठाकाठानं रायते का आत जाते? सध्या कोनती वापरते?"

मला काय माहीत? आणि जावयाला विचारायची तर सोय नव्हती. म्हणून मी वर्षालीला फोन लावला. एक घंटी पुरी वाजायच्या आत तिनं उचलला.

"काऊन बाबा? माय बरी हाये ना?"

"बरी हाये. मी रील घ्याले आलो. रजत बोटीनं किती आत जाते?"

"पहिले काठानंच जाये. दुपारी येऊन जाये. आता लय आत जाते. सकाळी पाचले निंगते, येते रात्री नऊले."

"दिवसभर? अन् तू काय करतं?"

"मी घरीच रायतो ना बाबा."

हिरालालनं खुणेनं सांगितलं, जुन्या रीलवर नंबर लिहिलेला असतो, वाचायला सांगा. मी सांगितलं.

"ते दाराबाहेर पेटीत असते बाबा. चपलाच्या बाजूले. वास येते म्हून आत नाई ठेवत."

"मंग जा ना बाहेर. दोन पावलं तं हायेत."

मला वाटलं फोन कटला.

"हालो? वर्षाली?"

"हाओ बाबा, हावो मी. सहा वाजता तो डूटीवरून येते. मंग वाचून सांगतो."

"अवं, दोन पावलाले सहा कायले वाजाले पायजे?"

"बाहेरून कुलूप हाये, बाबा."

दूध संपलं आहे, असं सांगावं तशा आवाजात तिनं ते सांगितलं. बुधवार होता, सकाळचे अकरा वाजले होते.

"चाबी?"

"त्याच्यापाशी. नवीन गाव हाये, लोकं अनोयखी. तुह्या भल्यासाठीच लावतो म्हणते." मग ती जराशी हसली. "तुमी टेन्शन नका घेऊ. दिवाळीपासून असंच हाये."

दिवाळी ते वैशाख मी बोटांवर मोजलं. मधे संक्रांत येऊन गेली होती. संक्रांतीला ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, मले चार दिवस घेऊन जा." आणि मी काय म्हणालो होतो? वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, उन्हाळ्यात पाहू. कापूस वेचून, विकून झाला. उन्हाळाही अर्धा सरला. कापूस थोडाच कुठं पळून जाणार होता! मला जावयाचा राग आला, पण खरं सांगतो, त्याहून जास्त माझा आला. माणूस स्वतःवर चिडला की हात कुठं उगारावा हेच कळत नाही.

तेवढ्यात ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, दुकानदाराले एक पुसा ना. मोठीवाली घेतली तं पावसातही जाता येते का बोटीनं?"

"पावसात कायले जाते तो?"

"जूनपासून बोटी बंद होतेत. दोन महिने. मंग शनिवारीही तो घरीच रायते."

मी फोन कानाशी तसाच धरून हिरालालकडे वळलो. तो माझ्याकडे पाठ करून, घडी घातलेलं जाळं उगीचच पुन्हा उलगडत होता. माझ्या फोनचा आवाज मोठा, त्यानं सगळं ऐकलं होतं. वळून न पाहताच म्हणाला, "नाई भाऊ. रीलनं काई होत नसते. दर्या बंद म्हंजे बंद."

ते मला तिला सांगावं लागलं.

"बरं," ती म्हणाली. "तरी मोठीच घ्या."

मी आठ हजार नंबरची घेतली. डबा पिशवीत घालून एसटीत बसलो. वाटेतल्या एकाही गावाकडे माझं लक्ष गेलं नाही. घरी येऊन सुलोचनाबाईंना सगळं सांगितलं. म्हणालो, उद्याच गाडी पकडतो, कुलूप तोडतो, पोरीला घेऊन येतो. चूल विझायला आली होती, तीत त्यांनी एक लाकूड सारलं.

"तुमी जासान अन् तो म्हणन, माही बायको माह्या घरी हाये. बाहेरच्या गावात तुमचं कोन आयकते?" त्या म्हणाल्या. "धोंड्याले मात्र जोडीनं या लागते. वाण घ्याचं असन तं तिले आना लागन. येऊ द्या."

म्हणून मी अकरा दिवस गोड बोलत राहिलो. असले दिवस वैऱ्यावर येऊ नयेत. जावयाचा फोन आला की "हो जवाईबापू, या जवाईबापू" म्हणायचं. वर्षालीला मधे फोन करायचा नाही, तिच्या तोंडून काही निघून जाईल म्हणून. ती तिथं कुलपाच्या आत आणि मी इथं उघड्या आंगणात. जेवण मला जाईना.

ठरल्या दिवशी दोघं आले. रजत हसतमुख, अदबीचा, दोघांच्या पाया पडला, सासूसाठी काजू घेऊन आला. कोणी परका पाहता तर म्हणाला असता, नशीब काढलं पोरीनं. वर्षाली वाळली होती. मायच्या गळ्यात पडली नाही. आधी नवऱ्याकडे पाहिलं, तो कुठं बसतो ते पाहिलं, आणि मग बसली.

मी पाटावरच्या त्या पायांवर पाणी घातलं, सुलोचनाबाईंनी पुसले. अनारसे झाले, धोंडे झाले, आणि मग तबकात डबा ठेवून त्याच्यापुढं धरला. त्यानं रील काढली, हातात तोलली, दांडी फिरवली. चेहरा नुसता फुलून गेला.

"बरोब्बर, मामाजी! हेच पायजे होती. तुमाले कसं समजलं?"

"वर्षालीले पुसलं."

"तिले काय समजते रीलमधलं?"

"सगळं समजते. फक्त तुमच्या जुन्या रीलचा नंबर वाचता नाई आला तिले. पेटी दाराबाहेर होती ना."

दांडी फिरायची थांबली. त्यानं वर्षालीकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं, आणि तिनं पाय आखडून साडीखाली घेतले. मला तेवढं पुरे होतं.

"वाण तुमचं हाये जवाईबापू, सुखानं घेऊन जा. वर्षाली इथंच रायते."

"किती दिवस?"

"ते तिचं ते ठरवन."

"मामाजी, लोक काय म्हणतीन?"

"लोकाईले मी सांगतो. तुमच्या कुलपासगट सांगतो."

तो भांडला नाही. हात धुतले, रील डब्यात घातली, डबा बॅगेत घातला. सुलोचनाबाईंना नमस्कारही केला. फाटकापाशी मात्र थांबून म्हणाला, "बोटी बंद झाल्या का येतो तिले घ्याले."

"या. मी घरीच रायतो," मी म्हणालो. चांगला छाती काढून म्हणालो. तो वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो. जूनला फार दिवस नव्हते आणि तो येणार हे मला माहीत होतं. तरी त्या घडीला वाटलं, ओमप्रकाश, जिंकलास लेका.

वळलो तर वर्षाली उंबरठ्याच्या आत उभी होती. दाराची दोन्ही कवाडं सताड उघडी होती. समोर आंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, पलीकडं फाटक, पलीकडं रस्ता.

"काय झालं वं बाई?"

"बाबा," ती म्हणाली, "जरासक बाहेर जाऊन येऊ?"

पुसतं काऊन, घर तुहंच हाये, असं म्हणायचं होतं मला. ती माझ्या तोंडाकडे पाहत तशीच उभी राहिली. शेवटी मी मान हलवली, आणि तेव्हा कुठं तिनं उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं.