गुरुवारचं पाणी

विहिरीच्या आतल्या दगडांवर ओलीची एक रेघ असते. पाणी उतरलं तरी ती थोडा वेळ मागे राहते आणि वरच्या कडेनं सुकत जाते. आमच्या गावच्या विहिरीत बुधवारी संध्याकाळी ही रेघ अगदी खाली, तळाच्या पायरीजवळ असायची. गुरुवारी दुपारनंतर पाणी तिला झाकून हातभर वर यायचं. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात हे दर आठवड्याला घडत होतं आणि ते बघायला अख्खं गाव काठावर जमत होतं.

जलनाथ महाराज सकाळी दहाच्या सुमारास यायचे. पाटावर बसून, डोळे मिटून, खणखणीत आवाजात सुरू करायचे: "ऊठ गं गंगे, सोड पाताळ! नाथ बोलावतो, नको टाळाटाळ!" जप दुपारपर्यंत चाले. मधे महाराज केळी खात. केळं तोंडात असताना जप मनात चालू असतो, असा खुलासा त्यांचा शिष्य करी. तोवर कुणीही पोहरा सोडायचा नाही असा दंडक होता. जेवणवेळ टळली की कुणीतरी ओरडे, "हललं! पाणी हललं!" आणि माणसं हात जोडत.

"कंपनीत साहेब बोंबलला तरी नळाला पाणी येत न्हाई, राव," जयसिंग सांगायचा. तो ओढ्यापलीकडच्या फाउंड्रीत साचे भरायचा. "हितं नुसता मंत्र टाकला, की हातभर."

पहिल्या काही आठवड्यांतच महाराजांनी पुढचा प्रश्न स्वतःच काढला आणि स्वतःच सोडवला. बाकीचे सहा दिवस पाणी का उतरतं? कारण त्या दिवशी विहिरीत बौद्धवाड्यातले हंडे बुडतात. गुरुवारी पूजेपायी त्यांना लांब ठेवतात, म्हणून पाणी चढतं. "उत्तर तुमच्या डोळ्यांपुढं आहे," महाराज म्हणाले, "मी फक्त बोट दाखवतो."

त्यांनी दाखवलेल्या बोटापुढं आमची घरं होती. बौद्धवाड्यानं आता कुठल्याच दिवशी विहिरीवर येऊ नये, ओढ्यातल्या झिऱ्यावरून पाणी भरावं, अशी मागणी सरपंच सोपानरावांकडे गेली. त्या झिऱ्यावर कारखान्यांच्या तेलाचा तवंग असायचा. सोपानराव तेव्हापासून एकच शब्द बोलत होते: "बघू."

"जातपात आता कोन मानतंय, असं म्हनतात समदी," माझी आई छबूबाई म्हणाली. "फकस्त पान्याला चालत न्हाई म्हनं."

मी बी.एस्सी. होऊन त्याच फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत लागले होते. त्या वर्षी माझ्याकडे भट्टीचं काम होतं. भट्टीच्या पोटात काय चालतं ते दिसत नाही. म्हणून तेलाचा व्हॉल्व्ह थोडा उघडायचा, थांबायचं, तापमान किती उशिरानं आणि किती चढतं ते टिपायचं, पुन्हा व्हॉल्व्ह बंद करून बघायचं. अशा मोजमापांतून भट्टीचं गणित मांडता येतं: एवढं दिलं तर इतक्या वेळानं इतकं होईल. गणित खरं की खोटं हेही कळतं, कारण पुढं काय होणार ते आधी सांगून पडताळता येतं. पद्धत शिकवताना आमच्या साहेबांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावली होती. तेल आणि हवा कधी एकदम फिरवायची नाही. दोन्ही नेहमी बरोबर फिरवलीत, तर वर्षभर मोजत बसलात तरी तापमान कशानं चढलं ते सांगता येणार नाही.

आमच्या विहिरीवर दर गुरुवारी तीन व्हॉल्व्ह एकदम फिरत होते. महाराज येत होते. आमचे हंडे थांबत होते. आणि फाउंड्रीच्या आवारातल्या मोठ्या विहिरीवरचा पंप बंद राहत होता, कारण आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातली साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. गर्दीतले निम्मे पुरुष फाउंड्रीतले. ज्या सुट्टीमुळे ते चमत्कार बघायला मोकळे होते, त्याच सुट्टीत पंप थांबलेला असायचा. कामाच्या दिवशी ही मंडळी पंपाजवळ असत आणि सुट्टीच्या दिवशी विहिरीजवळ. दोन्ही ठिकाणी एकदम कुणीच नव्हतं.

मी सकाळ-संध्याकाळ पाण्याची उंची मोजू लागले. गुरुवारी सकाळी रात्रपाळी सुटून पंप थांबला की आमच्या विहिरीला ते कळायला दुपार व्हायची. दोन विहिरींमधल्या मुरमातून पाणी झिरपायला तेवढा वेळ लागतो. महाराजांचा जपही नेमका तेवढाच लांब होता.

पण हा माझा नुसता अंदाज होता. तिन्ही व्हॉल्व्ह वेगळे करायला हवे होते. ती संधी कंपनीच्या सूचनाफलकानं दिली. एक मे मंगळवारी येत होता, म्हणजे कंपनीला सुट्टी. आणि अडलेल्या ऑर्डरसाठी त्याच आठवड्यात गुरुवारी सगळ्यांना ओव्हरटाइम.

मी चावडीवर गेले. सोपानराव होते, जयसिंग होता, आणखीही माणसं बसली होती.

"सरपंच, मंगळवारी महाराज नसतील आणि आमचे हंडे विहिरीत असतील. तरी पाणी चढेल. गुरुवारी महाराज असतील, आमचे हंडे नसतील. तरी चढणार नाही."

"पंचांग बघतीस काय, कस्तुरे?" जयसिंग म्हणाला.

"कंपनीचा फलक बघते. पंप बंद असला की चढतं."

सोपानरावांनी तंबाखू मळणं थांबवलं. "आन तुझं म्हननं खोटं ठरलं तर?"

"तर आम्ही झिऱ्यावर जाऊ."

घरी येईपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. आई दारातच उभी होती.

"वाड्यातल्या बायकांना इचारलंस? मला तरी इचारलंस?"

"नाही."

"किती खात्री हाय तुला?"

"पाणी किती चढेल याची थोडी कमी. चढेल याची पूर्ण."

"ह्या थोड्या कमीत हंडा भरतूय का रिकामा ऱ्हातूय, त्ये बघ म्हंजी झालं," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मंगळवारी सकाळी मी विहिरीच्या दगडावर चुन्याची खूण केली: पाणी इथवर येईल. बौद्धवाड्यातल्या सगळ्या बायका हंडे घेऊन आल्या. वरच्या आळीच्याही आल्या. दोन्हीकडचे पोहरे दिवसभर बुडत होते. बारा वाजले तरी पाणी जिथल्या तिथं.

"तुझी गंगा पन मे दिन पाळतीया वाटतं," जयसिंग म्हणाला.

दीडच्या सुमारास सोपानरावांची आई केसरबाई काठावर वाकली. तिनं कुणाला हाक मारली नाही, नुसती पदर सावरून बघत राहिली. तळाची पायरी बुडाली होती. संध्याकाळपर्यंत पाणी चुन्याच्या खुणेखाली चार बोटांवर येऊन थांबलं.

"चुकलं," जयसिंग म्हणाला. "खुनेला लागलं न्हाई."

"गुरुवारी पूजेपायी कुणी शेंदत नाही. आज सगळ्यांनी शेंदलं, ते मी धरलं नव्हतं. चार बोटं त्याची."

महाराजांकडून दुसऱ्या दिवशी शिष्याबरोबर निरोप आला. गुरुवारचं पुण्य महाराजांनी दोन दिवस आधीच पाठवून दिलं होतं.

"ॲडव्हान्स म्हना की," जयसिंग म्हणाला, पण या वेळी तो पुरता हसला नाही.

गुरुवारी जप सुरू झाला तेव्हा ओढ्यापलीकडून फाउंड्रीची धडधड ऐकू येत होती. सकाळपाळीची माणसं कामावर, दुसऱ्या पाळीची काठावर; मीही त्या दिवशी दुसरी पाळी मागून घेतली होती. जयसिंग पुढंच उभा होता. आम्हाला लांब उभं राहायला सांगितलं होतं, तसे आम्ही उभे होतो. गंगेला उठवता उठवता महाराजांचा आवाज बसला. केळी संपली. दोन वाजले. पाणी चढलं नाही; उलट बोटभर उतरलं.

महाराजांनी डोळे उघडले. "विटाळ झाला आहे. मंगळवारचा."

"मंगळवारी ह्येंचे हंडे दिसभर बुडत हुते, म्हाराज," केसरबाई म्हणाली. "तवा तर चढलं."

"ते पाणी खरं नव्हतं, माई."

"खरं न्हवतं? म्या त्यात डाळ शिजिवली."

माणसं हसली. हसू काठाभोवती फिरत आमच्यापर्यंत आलं.

"आन तुमी तर आदी सोमवारी येत हुतात," केसरबाई पुढं म्हणाली. "दोन सोमवार काय बी झालं न्हाई. मग इचारलंत, गावाला सुट्टी कंदी असती म्हून. आमाला वाटलं, गर्दीसाठी इचारताय."

महाराजांनी शिष्याला पादुका आणायला सांगितलं. नाथांच्या कोपाविषयी ते आणखी काहीतरी म्हणाले, पण बसलेल्या आवाजामुळे ते पुढच्या रांगेलाही नीट कळलं नाही.

मग मी पुढं आले आणि पंप, मुरूम, उशीर हे सगळं सांगितलं. "मी सांगते म्हणून मानू नका," मी म्हणाले. "मोजून बघा. महाराजांचा जप, आमच्या हंड्यांना मनाई आणि कंपनीची सुट्टी हे दर गुरुवारी एकत्र यायचं, म्हणून तुम्ही त्यातलं सोयीचं ते निवडलंत. एकत्र दिसणाऱ्या गोष्टी आधी वेगळ्या करून बघाव्यात, मग कुणावर बोट ठेवावं. यासाठी बी.एस्सी. व्हावं लागत नाही. हंडे बुडूनही मंगळवारी पाणी चढलं, हे दाखवून केसरकाकूंनी तेच केलं."

"म्हंजी पानी कंपनी ओढतीया," जयसिंग हळूच म्हणाला.

त्या कंपनीचा पगार जवळजवळ प्रत्येक घरात येत होता. हंड्यांना दोष देणं सोपं होतं. हंडे पगार देत नव्हते. सोपानराव ओढ्यापलीकडच्या धुराड्याकडे बघत होते. मला वाटतं, हे उत्तर त्यांना आपल्या मनात आधीच कुठंतरी ठाऊक होतं.

आई रिकामा हंडा कमरेवर घेऊन काठाजवळ आली. सकाळपासून आखून दिलेलं अंतर तिनं ओलांडलं होतं.

"सरपंच, आमचं काय त्ये सांगा."

"बघू..." सोपानरावांच्या तोंडून सवयीनं निघालं. केसरबाईनं लेकाकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली.

"पंपाचं मी उद्याच कंपनीत जाऊन बोलतो," ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आन हीर सगळ्यांची. सगळं वार. छबूबाई, सोडा पोहरा."