लॉर्ना ट्वेटचा उजवा हात

लॉर्ना ट्वेटनं चौतीस वर्षं हॅस्लो गावातले आणि आजूबाजूच्या खेड्यांतले पियानो सुरात लावले होते. चर्चमधले, शाळांतले, शेतघरांच्या बैठकीत कुटुंबाचे फोटो डोक्यावर घेऊन उभे असलेले. एकटा जीव, बोलणं कमी. पण कान असा तिखट, की शेजारच्या खोलीतला फ्रिज कोणत्या सुरात गुरगुरतोय ते बसल्या जागी सांगायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती अशीच कामावर निघाली होती. चौकातला रस्ता बर्फानं काचेसारखा झाला होता. चीजच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून घरी चाललेल्या रेनी शॅलरची गाडी ‘थांबा’ लिहिलेल्या पाटीपाशी थांबलीच नाही. ती सरळ घसरत आली आणि लॉर्नाच्या गाडीवर आदळली. स्टिअरिंग घट्ट धरलेलं लॉर्नाचं उजवं मनगट पार चुरलं. बाहेर रेनी डोक्यावरची कारखान्याची जाळी तशीच ठेवून बर्फात उभी होती आणि एकच वाक्य म्हणत होती, “मी ब्रेक दाबला होता हो. खरंच दाबला होता.”

मनगटात दोन पट्ट्या आणि अकरा स्क्रू बसले. चूक रेनीची, याबद्दल पोलिसांनाही शंका नव्हती, रेनीलाही नव्हती. पण तिचा विमा कायद्यापुरता, पंचवीस हजार डॉलरचा. तेवढे तर नुसत्या ऑपरेशनलाच पुरले नसते. एप्रिलमध्ये तिच्या विमा कंपनीतल्या माणसाचा फोन आला. आवाजात अगदी मध.

“मॅडम, आम्ही पूर्ण रक्कम देतोय, एक सेंटही मागे ठेवत नाही. तुम्ही फक्त, पुढे काही मागणार नाही, अशा कागदावर सही करून पाठवा.”

लॉर्नाला ते ठीकच वाटलं. कारखान्यात राबणाऱ्या बाईकडून आणखी काय ओरबाडायचं?

त्याच आठवड्यात ती स्टॅन कुबियाककडे गेली. स्टॅन तिचा शाळेतला वर्गमित्र आणि गावातला विमा एजंट. गाडी भंगारात गेली, आता पॉलिसी बंद कर, एवढंच सांगायचं होतं. बोलता बोलता त्या कागदाचा विषय निघाला आणि स्टॅनच्या हातातला कॉफीचा कप हवेतच थांबला.

“सही केलीस?”

“कशानं करू? पेन धरता येत नाही अजून.”

“देवा! पहिल्यांदाच कुणाच्या प्लास्टरच्या पाया पडावंसं वाटतंय.” त्यानं कपाटातून तिची फाइल काढली. “अगं बये, तुझ्या स्वतःच्या पॉलिसीत कलम आहे. धडक देणाऱ्याचा विमा अपुरा पडला, तर उरलेलं नुकसान तुझी कंपनी भरते. एकोणीस वर्षं तू त्याचा हप्ता भरतेयस.”

“मी कधी घेतलं हे?”

“मी गळ्यात मारलं होतं. तू तेव्हा मला लुच्चा म्हणाली होतीस.”

“अजूनही म्हणते. मग सही का नको करू?”

“नको नाही, आत्ता नको. आधी तुझ्या कंपनीला लेखी कळवायचं, की मला एवढे मिळतायत, मी घेऊ का? त्यांना तीस दिवस मिळतात. वाटलं तर ते स्वतः तुला तेवढे पैसे देतील आणि वसुलीला त्या बाईच्या मागे लागतील. नाहीतर गप्प बसतील. मग तू खुशाल सही कर, ती बाई मोकळी. पण न विचारता सही केलीस, तर हे कलम मेलंच समज.”

लॉर्नानं फाइल आपल्याकडे ओढली. “म्हणजे आता माझ्याच कंपनीशी भांडायचं?”

“कंपनीशी. माझ्याशी नाही. मी बापडा पॉलिसी विकतो आणि नाताळला कॅलेंडरं वाटतो.”

ते तीस दिवस तिला जड गेले. कंपनी रेनीच्या मागे लागली तर, हा विचार काही मनातून जाईना. पण कंपनी गप्प बसली. जूनमध्ये लॉर्नानं सही केली, पंचवीस हजार घेतले आणि उरलेल्या नुकसानीचा दावा आपल्या कंपनीवर लावला. त्यासाठी मार्जोरी ओक्स नावाची वकीलही केली.

आणि एवढी वर्षं वाढदिवसाला न चुकता कार्ड पाठवणारी कंपनी एकदम परकी झाली. त्यांच्या डॉक्टरनं सात मिनिटं मनगट फिरवून बघितलं आणि लिहिलं, की संधिवात आधीपासूनच असावा. वर, ऑगस्टमध्ये लॉर्नानं चर्चचा पियानो लावल्याचं त्यांनी कुठूनसं शोधून काढलं. बहुधा चर्चच्याच पत्रकातून. तिथे तिचे आभार छापले होते.

नोव्हेंबरमध्ये मध्यस्थासमोर बैठक ठरली. “विचारतील तेवढंच सांगायचं,” मार्जोरीनं गाडीतच बजावलं होतं.

कंपनीतर्फे डेनम नावाच्या पन्नाशीच्या बाई आल्या होत्या. त्यांनी पत्रक टेबलावर सरकवलं. “मिस ट्वेट, काम जमत नाही म्हणता. मग हा पियानो कुणी लावला?”

“मीच.”

मार्जोरीनं डोळे मिटले.

“जमतंय का बघायचं होतं,” लॉर्ना म्हणाली. “तीन तासांच्या कामाला दोन दिवस लागले. कान शाबूत आहे हो माझा. तार सुरात आली की मला कळतं. पण सूर आला म्हणजे काम झालं असं नसतं. तारेची खुंटी किल्लीनं थोडी पुढे न्यायची आणि केसभर मागे आणून बसवायची, म्हणजे ती तिथेच राहते. तो केसभराचा अंदाज मनगटात असतो. माझ्या मनगटाला आता तो कळतच नाही. रविवारी दुसरं स्तोत्र सुरू झालं आणि वरच्या पट्टीतल्या तारा एकेक करून उतरायला लागल्या. लोकांना कळलं की नाही, देव जाणे. मी बाकावर बसून ऐकत होते. त्या दिवसानंतर मी किल्ली हातात घेतली नाही.”

मग डेनमबाईंनी हळूच विचारलं, “चर्चनं पैसे दिले?”

“देत होते. मी घेतले नाहीत. बेसूर कामाचे पैसे कसे घ्यायचे?”

डेनमबाईंनी पत्रक उचललं, घडी घालून आपल्या फाइलमध्ये ठेवलं, आणि पुन्हा ते बाहेर निघालं नाही. मग दोन्ही बाजूंना वेगळं बसवून मध्यस्थ दुपारभर या खोलीतून त्या खोलीत हेलपाटे घालत होता. चारच्या सुमाराला आकडा ठरला. मागितलं होतं त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. पेन्शनपर्यंतची वर्षं निघाली असती.

मार्जोरीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “सांगितलेलं ऐकलं नाहीस, तेच बरं झालं.”

लॉर्ना हसली. पण घरी येऊन हत्यारांची पेटी तळघरात नेऊन ठेवताना ती पायरीवरच बसली आणि मनसोक्त रडली.

पुढच्या आठवड्यात दुकानाच्या पार्किंगमध्ये तिला रेनी दिसली. लॉर्नाला बघताच रेनीनं मान वळवली आणि ती भराभरा सामान गाडीत कोंबायला लागली.

“रेनी, थांब जरा.”

“बाई, मी टाळत नाहीये तुम्हाला,” रेनी घाईघाईनं म्हणाली. “थोडे साठवतेय मी. कोर्टाचं बोलावणं आलं की हप्त्यानं फेडीन म्हणते. ज्यादा पाळ्या घेतल्यात.”

“कसलं बोलावणं? अगं, तू जूनमध्येच सुटलीस. मी सही करून दिलीय. तुझ्या विमा कंपनीनं कळवलं नाही?”

रेनीनं मान खाली घातली. “पाकिटं आली होती.”

“मग?”

“फोडलीच नाहीत. हिंमत होईना. गाडीतच पडलीत.”

“आण इकडे.”

रेनीनं गाडीतून चार पाकिटं काढून दिली. लॉर्नानं जूनचं पाकीट शोधलं, डाव्या हातानं फाडलं आणि तिथेच थंडीत उभं राहून, एकेक शब्द सावकाश वाचत, तिला पत्र ऐकवायला सुरुवात केली.